वसा घेणारे मिळतात, वाट्या मोजणारे मिळत नाहीत

श्रावणातल्या रविवारी आजी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या ओट्यावर आम्ही मुलं मुठीत अक्षता धरून बसायचो, आणि कहाणी संपेपर्यंत त्या अक्षता घामाने चिकट व्हायच्या. कहाणीतला गरीब ब्राह्मण समिधा आणायला रानात जातो, तिथे नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, काय गं बायांनो, कसला वसा वसता, मला सांगा. त्या लगेच सांगत नाहीत. म्हणतात, तुला वसा रे कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. तो कबूल करतो, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. मग कुठे गाडी पुढे सरकते.

पुढे काय सांगतात तेही बघा. श्रावणातल्या पहिल्या आदितवारी मुकाट्याने उठावं, विड्याच्या पानावर रक्तचंदनाने राणूबाई काढावी, सहा रेघांचं मंडळ करावं, सहा सुतांचा तातू, त्याला सहा गाठी. आणि हे संपवायचं कधी? माघातल्या रथसप्तमीला. वार ठरलेला, आकडा ठरलेला, शेवट ठरलेला. सूर्याची महती सांगणारं भाषण नाही.

एका ध्येयामागे माणसं कशी जमतात आणि जमलेली कशी टिकतात, यावर समाजशास्त्रात नि अर्थशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. त्यातलं थोडं मी वाचलं ते गरज पडली म्हणून. वाचून झाल्यावर वाटलं, नागकन्यांना यातलं बरंच आधीपासून ठाऊक होतं.

गरज पडली ती भांडी बँकेमुळे. आमच्या कॉलनीत मराठी घरं बरीच. मुंज, डोहाळजेवण, सत्यनारायण, काही ना काही चालूच असतं. आणि प्रत्येक कार्यानंतर डिस्पोजेबल ताटल्यांचा ढीग. इंदुरात ही गोष्ट जास्त टोचते, कारण आपलं शहर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पंचविसावं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं, आणि पुढे २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलंच राहिलं. गल्लीत गाणं वाजवत गाडी येते, ओला-सुका वेगळा द्यायचा हे शाळकरी पोरालाही माहीत. अशा गावात चाळीस माणसांच्या जेवणाला चार पोती थर्माकोल म्हणजे लाजच. म्हणून ठरवलं, स्टीलची दोनशे ताटं, चारशे वाट्या, दोनशे पेले घ्यायचे. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायचे, घासून परत आणायचे. भाडं नाही.

मीटिंगला टाळ्या पडल्या. व्हॉट्सअॅपच्या गटात तीन दिवसांत चौसष्ट जण आले. अंगठे, फुलं, हात जोडलेले. वर्गणीही झाली. बर्तन बाजारातून भांडी आली. रविवारी सकाळी नऊ वाजता प्रत्येक भांड्यावर खूण घालून घ्यायची, मोजून कपाटात लावायची, असं ठरलं. नऊ वाजता आम्ही तिघी होतो. साडेनऊला एक काका आले, पोह्यांचं विचारलं आणि गेले.

तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही, कारण त्या चौसष्टांपैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे कोडं नीट मांडलं. एखाद्या गोष्टीचा फायदा सगळ्यांना मिळणार असेल, काम न करणाऱ्यालाही, तर समंजस माणूसदेखील मनात म्हणतो, मी एकटा गेलो नाही तर असा काय फरक पडणार आहे? गट जितका मोठा, तितका हा विचार सोपा. चौघांच्या गटात एक आला नाही तर त्याची जागा रिकामी दिसते. चौसष्टांत कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून मोठा गट म्हणजे मोठी ताकद हे गणित पहिल्याच पायरीवर चुकतं. ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या’ असं आपण म्हणतो ना, त्यात मला नेहमी वाटतं की गोम लष्करात आहे. चार जणांच्या भाकऱ्या असत्या तर कुणी कुरकुर केली नसती.

ओल्सनने यावर दोन वाटा दाखवल्या. एक, गट लहान ठेवा. दुसरी, जो येतो त्याला त्याचं स्वतःचं असं काहीतरी मिळू द्या. पैसाच असायला हवा असं नाही. मान चालतो, सोबत चालते, घराबाहेर पडायचं निमित्तही चालतं. आमच्याकडे नियमित येणाऱ्या दोघी पुढे म्हणाल्या की त्यांना ताटांशी देणंघेणं नव्हतं, रविवारी दोन तास कुणी ‘चहा झाला का’ विचारणार नाही एवढंच हवं होतं. यात मला काही गैर वाटत नाही. ध्येयाच्या शुद्धतेची तपासणी करत बसलं तर दारात कुणी उभं राहायचं नाही.

आम्ही चौसष्टांचा गट तसाच ठेवला, पण काम आठ-आठ घरांच्या टोळ्यांना वाटलं. महिन्यातून एक रविवार एका टोळीचा. आठांत कोण आलं नाही ते दिसतं, आणि ते बोलून दाखवावं लागत नाही.

तरीही पहिले दोन महिने एक टोळी भरून यायची नि दुसरी ओस. मला वाटायचं, अमुक ओळीतली माणसंच उत्साही. इथे दुसरा एक माणूस उपयोगी पडला, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर. त्याने १९७८ मध्ये दंगल कशी पेटते हे समजावण्यासाठी एक साधं गणित मांडलं, पण ते ताटं घासण्यालाही तितकंच लागू पडतं. प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो: आधी किती जण आलेले दिसले की मी जाईन. समजा आठ जणी आहेत. पहिलीचा आकडा शून्य, ती कुणी असो-नसो येणारच. दुसरीचा एक, कुणीतरी एक दिसली की ती येते. तिसरीचा दोन, चौथीचा तीन, असं करत आठवीचा सात. पहिली बाहेर पडली, तिला पाहून दुसरी, दोघींना पाहून तिसरी, आणि बघता बघता आठही हजर.

आता फक्त दुसरीचा आकडा एकाऐवजी दोन करा. बाकी सगळ्या त्याच. पहिली येते, एकटीच उभी राहते. दुसरी खिडकीतून बघते, म्हणते अजून एक येऊ दे. तिसरीही तेच म्हणते. कुणीच येत नाही. बाहेरून बघणारा सांगेल, ही टोळी जिवंत आणि ती मेलेली. प्रत्यक्षात दोन्ही टोळ्यांतली माणसं जवळजवळ सारखीच आहेत. एकीच्या मनातला एक आकडा तेवढा वेगळा.

म्हणून माझ्या मते पुढाऱ्याने आपली सगळी शक्ती दुसऱ्या माणसावर लावावी. पहिला तो स्वतः असतोच. आठवीला पटवण्यात अर्थ नसतो, ती सात जणी दिसल्या की आपोआप येते. ओस टोळीत मी एकच केलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींना शनिवारी रात्री जाऊन सांगितलं, “उद्या नऊला तुमच्या दारात येते, आपण बरोबर जाऊ.” गटावर ‘सर्वांनी अवश्य यावे’ लिहिण्यापेक्षा हे चारशे पावलं जास्त होतं. त्या रविवारी पाच जणी आल्या.

आता कामाविषयी. काम किती मोठं असावं? माझं उत्तर: लाज वाटेल इतकं लहान.

विनोबा भावे १९६० च्या पावसाळ्यात इंदुरात येऊन राहिले होते. त्याआधी मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात काही डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या होत्या, त्यामुळे नाव देशभर गाजत होतं. इंदूर सर्वोदय नगर व्हावं असं त्यांच्या मनात होतं. भिंतींवरच्या अशोभनीय पोस्टरांविरुद्धची मोहीम त्यांनी इथूनच काढली, सफाईवर भर दिला, आणि नौलखा भागातला विसर्जन आश्रम हा त्याच मुक्कामाचा वारसा. पण मला त्यांची सगळ्यात हुशार कल्पना वाटते ती सर्वोदय पात्राची. घरात एक भांडं ठेवायचं. रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. आणि ते टाकायचं कुणी? घरातल्या लहान मुलाने. मूठही त्याचीच.

यात काय काय साधलं ते बघा. मुलाच्या मुठीत मावतील एवढे दाणे कुठल्याच घराला जड नाहीत, म्हणजे नाही म्हणायला कारण उरत नाही. काम रोजचं, म्हणजे विसरायला सवड नाही. आई विसरली तर पोरगं आठवण करून देतं. आणि धान्य वर्षातून एकदा पोतंभर मागितलं असतं तर ते दान झालं असतं. रोजच्या मुठीने ते घर त्या कामाचं झालं. मानसशास्त्र सांगतं की माणूस आधी पटवून घेतो आणि मग करतो असं नेहमी होत नाही. पुष्कळदा तो आधी थोडंसं करतो आणि मग, मी हे करतो म्हणजे मला ते पटत असणार, असं स्वतःला सांगतो.

गावातल्या कचऱ्याचंही असंच झालं, पण त्याचं जरुरीपेक्षा जास्त गोडवे गाणारं वर्णन मला आवडत नाही. ओला-सुका वेगळा करणं ही घरातली मूठ होती, हे खरं. महापालिकेने घरोघरच्या गाड्या आधी दोनच वॉर्डांत चालवून पाहिल्या, मग सगळीकडे नेल्या, हेही शहाणपणाचं. पण त्याबरोबर दंड होता, गाड्यांचा ताफा होता, देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर उपसायची यंत्रं होती, आणि रात्री-पहाटे झाडणारे सफाई कामगार होते. नुसत्या जनजागृतीने शहर स्वच्छ होत नाही. आपण वेगळा करून दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना दिसला असता तर दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी सोडून दिलं असतं. लोकांची मूठ पुढे कुठे जाते ते त्यांना दिसायला हवं.

आमच्याकडे ती मूठ म्हणजे मोजणं. भांडी जाताना मोजायची, येताना मोजायची, वहीत लिहायचं. आणि पहिलं भांडण तिथेच झालं.

वाट्या कमी येऊ लागल्या. एका मुंजीहून तीन, एका बारशाहून सात. मी गटावर लिहिलं, ‘कृपया वाट्या परत कराव्यात, नावं जाहीर करायला लावू नये.’ हे मी करायला नको होतं. ज्यांनी वाट्या ठेवल्या त्यांना काही वाटलं नाही, आणि ज्यांनी ठेवल्या नव्हत्या त्या दोन घरांनी बोलणं सोडलं. एका काकूंनी तर आमच्या घरचा मोदकाचा साचा पाच वर्षांनी परत पाठवला, त्याचा अर्थ मी समजले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामाईक गोष्टी, म्हणजे चराऊ रानं, पाटाचं पाणी, मासेमारीचा किनारा, गावकरी स्वतः कशा सांभाळतात हे त्यांनी देशोदेशी पाहिलं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या. कोण आतला, कोण बाहेरचा हे स्पष्ट असतं. नियम पाळणाऱ्यांनीच ते ठरवलेले असतात. लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असतो. चुकणाऱ्याला पहिल्या वेळी हलकी शिक्षा, मग थोडी जास्त. एकदम सुळावर नाही. आणि भांडण मिटवायला जवळची, फुकटची, पटकन मिळणारी जागा असते.

ही शेवटची जागा कशी असावी याचा सुंदर नमुना आपल्या वारीत आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणजे ही शिस्त आमच्या बाजूने तिकडे गेली असं मी गमतीने म्हणते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. मुक्कामाच्या तळावर पालखी पोचली की समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावून ‘होऽ’ करतो आणि क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. त्या प्रचंड शांततेत एकट्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, काय झालं ते ऐकून घेतो, तोडगा निघतो, टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, मग आरती.

याचा बारकाईने विचार केला तर थक्क व्हायला होतं. तक्रार त्याच दिवशी सांगायची, सगळ्यांसमोर सांगायची, पण शिव्या देऊन नाही, टाळ वाजवून. आरती अडते, म्हणजे दुर्लक्ष करता येत नाही. आणि तक्रार करणाऱ्याला कुणी फुटीर म्हणत नाही, कारण टाळ वाजवणं हा त्याचा अधिकारच आहे. बहुतेक मंडळं फुटतात ती तक्रारीमुळे नव्हे. तक्रार पार्किंगमध्ये उभं राहून कुजबुजावी लागते, म्हणून.

आम्ही टाळ आणले नाहीत. वहीत एक रकाना वाढवला, आणि ठरवलं की महिन्याच्या रविवारी चहा ओतण्याआधी तो रकाना मोठ्याने वाचायचा. पहिल्यांदा वाटी कमी आली तर नुसती नोंद. दुसऱ्यांदा, पुढच्या वेळची मोजणी त्या घराने करायची. तिसऱ्यांदा नवी वाटी आणून द्यायची. पैसे घेत नाही. पैसे घेतले की माणूस म्हणतो, चला, वाटी विकत घेतली, विषय संपला. ‘करून राहिलोय ना भरपाई’ असं म्हणून मोकळा होतो. मोजायला बसवलं की त्याला कळतं, चारशे वाट्या मोजणं काय असतं.

हिशेबाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे: वर्गणीचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. विचारल्यावर दाखवू, असं म्हणू नका. विचारणाऱ्याला संशयी ठरावं लागतं.

आता पुढाऱ्याकडे येते, म्हणजे माझ्याकडे. दोन वर्षं सगळं छान चाललं होतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे, वही माझ्याकडे, कुणाला कधी किती हवीत ते माझ्या डोक्यात. लोक म्हणायचे, काकू आहेत म्हणून हे चाललंय. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. मग मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले, अडीच महिने. परत आले तर कपाटावर धूळ, आणि कॉलनीच्या मागच्या बाजूला थर्माकोलच्या ताटल्या. किल्ली मी शेजारी देऊन गेले होते. पण शेजारणीला वाटलं, काकूंना विचारल्याशिवाय कसं द्यायचं; आणि मला बाळंतिणीच्या घरी फोन कशाला करायचा म्हणून कुणी केला नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने शंभर वर्षांपूर्वी यावर बोट ठेवलं होतं. काही माणसांचं ऐकलं जातं ते परंपरेमुळे, काहींचं नियमाने मिळालेल्या पदामुळे, आणि काहींचं त्यांच्या स्वतःच्या तेजामुळे. हे तेज चळवळ सुरू करायला लागतं, पण ते एका देहात असतं. तो देह गेला, आजारी पडला किंवा पुण्याला गेला की प्रश्न उभा राहतो. टिकायचं असेल तर ते तेज हळूहळू कामाच्या रीतीत, पदांत, वहीत उतरावं लागतं. उतरताना ते थोडं फिकं होतं. त्याला इलाज नाही.

भूदानाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण तिची एक बाजू कमी सांगितली जाते. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि सभेतल्या रामचंद्र रेड्डींनी उठून शंभर एकर दिली. तिथून पदयात्रा सुरू झाली. लक्ष्य होतं पाच कोटी एकरांचं, आणि चाळीस लाखांहून जास्त एकरांची दानपत्रं खरोखर झाली. पायी फिरणाऱ्या एका कृश म्हाताऱ्याच्या शब्दावर. मग १९५६ च्या अखेरीस तमिळनाडूतल्या पळणीत विनोबांनी ठरवलं: तंत्रमुक्ती आणि निधीमुक्ती. प्रांतोप्रांतीच्या भूदान समित्या विसर्जित करायच्या, आणि गांधी निधीतून येणारा पैसा बंद करायचा. आंदोलन आता लोकांचं व्हावं, कार्यालयांचं नको.

विचार म्हणून हे उदात्तच आहे. स्वतःच्या हाताने स्वतःची संघटना मोडणारे किती निघतील? पण झालं असं की ज्यांच्या नावावर काम होतं ते कार्यकर्ते पांगले, आणि दानपत्रांमागे जाऊन जमीन मोजणं, कागद करणं, वाटप करणं हे नीरस काम करणारे हात कमी पडले. आंदोलन ओसरण्याची कारणं आणखीही होती: जमिनी वादातल्या, नापीक, कायदे प्रांतागणिक वेगळे. तरी मला वाटतं, विनोबांनी स्वतः बाजूला व्हावं हे बरोबर होतं, चौकट काढून घेणं ही चूक होती. दान देणारे लाखो मिळाले. वाट्या मोजणारे मात्र आधीच थोडे होते, आणि नेमके तेच मोकळे केले गेले.

याच्या उलटं उदाहरण आमच्याच गावात दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्यावरून जातं. इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झांक्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. गिरणी कामगारांनी वर्गणी काढून, शिफ्ट संपल्यावर रात्री जागून बनवलेले देखावे, जवळपास शंभर वर्षांची परंपरा. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, आणि तिच्या कामगारांना थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. या बत्तीस वर्षांत कित्येक जण वाट बघत गेले. मालक नाही, पगार नाही, भोंगा नाही. पण झांकी निघत राहिली.

हे कसं झालं असावं? आता शासकीय मदतही असते, ते सोडून देऊ नये. पण मला यात चौकटीचा भाग मोठा दिसतो. तिथी ठरलेली, मार्ग ठरलेला, कुठल्या गिरणीमागे कुठली हे ठरलेलं, निकाल लागतो म्हणून चुरस ठरलेली. प्रत्येक गिरणीच्या गणेशोत्सव समितीत दिवे कोण बघतो, मूर्ती कोण, चालती यंत्रं कोण, हे बापाकडून पोराकडे आलेलं. गिरणी गेली तरी ‘आमच्या मिलची झांकी’ हा शब्द राहिला. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे, राजवाड्याजवळ, पहाटे चार वाजता, एका हातात भुट्टा.

तर पुण्याहून आल्यावर मी किल्ली परत घेतली नाही. वीणेसारखं करायचं ठरवलं. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की दुसरा पुढे येतो, पाया पडतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते. आमची किल्ली तीन महिन्यांनी पुढच्या टोळीकडे जाते. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. नव्या ताईंनी वहीची पद्धत बदलली, ताटांचे गठ्ठे दहाऐवजी बाराचे केले. मला दहाचेच बरोबर वाटत होते. आठवडाभर जीभ चावून बसले.

एक शेवटची गोष्ट, जी वारी आणि वाट्या दोन्हींत लागू आहे. अनुयायी आणि भक्त यांत फरक आहे, आणि तो ओळखायला मोठी तत्त्वज्ञानं लागत नाहीत. गटातून बाहेर पडलेल्या माणसाविषयी आत कसं बोललं जातं ते ऐका. ‘त्यांना जमेना, मुलांच्या परीक्षा आहेत’ असं बोलत असतील तर ठीक. ‘तो आपला नव्हताच’ असं बोलू लागले की तिथे ध्येय मागे पडून माणूस पुढे आलेला असतो. कहाणीत वशाला उद्यापन असतं ते मला म्हणूनच आवडतं. रथसप्तमी झाली की तुम्ही मोकळ्या. पुन्हा घ्यायचा तर पुन्हा कबूल करून घ्या. आम्हीही दरवर्षी गुढीपाडव्याला यादी कोरी करतो. ज्याला राहायचं त्याने नाव पुन्हा लिहायचं. चौसष्टांचे आता एक्केचाळीस आहेत.

मागच्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. चाळीस ताटं, ऐंशी वाट्या नेल्या. परत द्यायला गेले तेव्हा किल्ली एका नव्या सुनेकडे होती, वर्षभरापूर्वी देवासहून लग्न होऊन आलेली. तिने वाट्या चार-चारच्या ओळीत मांडल्या, दोनदा मोजल्या.

“काकू, एकोणऐंशी.”

“असं कसं? मी स्वतः मोजल्यात.”

“पुन्हा मोजू?” तिने तिसऱ्यांदा मोजल्या, बोट ठेवून ठेवून. एकोणऐंशी. मग वही उघडली, माझं नाव लिहिलं, रकान्यात एक आकडा टाकला आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. रविवारी चहाच्या आधी ते मोठ्याने वाचलंही गेलं.

वाटी बुधवारी सापडली. फ्रिजमध्ये होती, विरजण लावलेली.